हाताला काम, कामाला जागा

पुण्याहून आगगाडीने दौंडकडे निघाले, की वाटेत केडगाव स्टेशन लागते. आजूबाजूला उसाचे मळे आहेत. मोसमात गुऱ्हाळे लागतात. नगरजवळही एक केडगाव आहे. पण आपले हे केडगाव दौंड तालुक्यातले.

या गावाचे नाव सातासमुद्रापलीकडे गेले, ते पंडिता रमाबाईंमुळे.

भगिनींनो आणि बंधूंनो, आजचा धडा घरातल्या शिवणकामाचा आहे. बंद पडलेले हातकाम पुन्हा कसे सुरू करावे, त्यासाठी घरात जागा कशी करावी, हे आज शिकायचे. मग त्यात रमाबाई कशा आल्या? पुढे वाचा, म्हणजे कळेल.

१. रमाबाईंचे मुक्तिसदन

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. त्यांचे आईवडील दुष्काळात गेले. पुढे लग्न झाले. पण १८८२ साली पतीही वारले. पदरात लहानगी मनोरमा. एकट्या बाईचे हाल त्यांनी स्वतः भोगले होते. म्हणून ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदासदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले.

१८९६-९७ साली मध्यप्रांतात मोठा दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या आणि उपाशी मुलींना, बायांना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती. रमाबाईंनी केडगावला जमीन घेतलेली होती. तेथे मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास गुजरातेतही दुष्काळ पडला. तिकडूनही मुली आल्या. मग मुक्तिसदनातली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

विचार करा. एवढ्या जणींना नुसते जेवू घालून भागले असते का? पोट भरले, तरी दिवस कसा जायचा? उद्या कोणाच्या जिवावर जगायचे?

रमाबाईंनी त्यांना अक्षर शिकवले आणि जोडीला हातकाम शिकवले. कोणी मागावर बसली. कोणी शिवणकाम शिकली. कोणी तेल गाळू लागली, कोणी शेती पाहू लागली. अंध बायांनाही सोडले नाही. मनोरमाबाईंनी त्यांच्यासाठी ब्रेल लिपी आणली. ही लिपी बोटांनी वाचतात. त्या बाया टोपल्या विणायलाही शिकल्या.

तेथे छापखानाही होता. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. त्याचे खिळे जुळवण्याचे आणि छपाईचे काम मुक्तिसदनातल्या बायांनी केले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या. १९२४ साली तो ग्रंथ पुरा छापून बाहेर पडला. ज्यांना कधी अक्षर ठाऊक नव्हते, अशांच्या हातांनी ग्रंथ छापला!

आता आपल्या कामाची गोष्ट ध्यानात घ्या. छापखाना चुलीपुढे मांडता येत नाही. माग बाजेखाली सारता येत नाही. हातकाम चालू राहावे असे वाटत असेल, तर त्याला ठरलेली जागा द्यावी लागते. केडगावच्या मोठ्या संस्थेला जे लागू, तेच आपल्या दोन खणांच्या घराला लागू.

२. सुई कुठे आहे?

एक घर डोळ्यांपुढे आणा. घरात सासू आहे, सून आहे. सासूबाई एके काळी सगळ्या आळीच्या गोधड्या शिवत. पायाचे शिवणयंत्रही घरात होते. मग कामे वाढली. यंत्रावर आधी कपड्यांच्या घड्या आल्या. मग खताची रिकामी पोती आली. त्यावर मुलांची दप्तरे आली. यंत्राचे टेबल झाले. कातर कांद्याची गोणी उसवायला गेली, ती परत आली नाही. दोऱ्याची रिळे उंदरांनी कुरतडली. अशी दहा वर्षे गेली.

आता नात पहिल्या बाळंतपणाला येणार. सून म्हणाली,

"आत्याबाई, बाळाला दुपटं बाजारातनं आणू का?"

"आण की. माझ्याच्यानं आता कुठं होतंय?"

"का? हात थरथरतो का?"

"हाताला काय धाड भरली न्हाई गं. सुई कुठं हाय, त्येच ठावं न्हाई."

सून शहाणी. तिने ओळखले, की सासूबाईंचे कसब कुठे गेलेले नाही. कसब पोत्यांखाली दबले आहे. पण आणखी पाच वर्षे असेच गेले, तर? सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागलेला. त्यांची गोधडी सुनेला येत नव्हती. शिकायची, तर आत्ताच शिकायला हवी होती.

तुमच्या घरात असे कोणी आहे का? आठवून पहा.

३. जागा कशी करावी?

वेगळी खोली लागत नाही. ओसरीचा, पडवीचा चार फूट रुंद आणि सहा फूट लांब कोपरा पुरे. जागा निवडताना तीन गोष्टी पहा.

पहिली, उजेड. खिडकीजवळ किंवा दाराजवळ बसा. उजव्या हाताने शिवत असाल, तर उजेड डाव्या बाजूने यावा. म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. डावखुऱ्या माणसाने उलट बसावे.

दुसरी, ओल. भिंत ओली असेल, तर सुया गंजतात आणि कापडाला बुरशी धरते. हात लावून पहा.

तिसरी, चूल. धूर आणि फोडणीचे तेल कापडाचे वैरी आहेत. चुलीपासून लांब बसा.

जागा ठरली, की तिथले सगळे सामान अंगणात काढा. त्याचे तीन ढीग करा: लागणारे, दुसऱ्याला देण्यासारखे आणि टाकायचे. ढिगांचा निकाल त्याच दिवशी लावा. संध्याकाळपर्यंत निकाल लागला नाही, तर सगळी अडगळ पुन्हा आत येते. हा सर्व घरांचा अनुभव आहे.

मग झाडून घ्या. भिंतीला चुना लावा. पांढऱ्या भिंतीवरून उजेड फिरतो आणि कोपरा उजळतो. चुना कालवताना लहान मुलांना लांब ठेवा. चुना डोळ्यांत उडाला, तर डोळा लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा आणि दवाखान्यात जा.

आता हत्यारांना घर द्या. कातर खुंटीवर. टेप दुसऱ्या खुंटीवर. ही कातर फक्त कापडाची. तिने कागद कापू नये, धार जाते. बटणे, रिळे, नाडी यांना वेगळे डबे करा. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवा. त्यावर स्वतःच्या हाताने लिहा: "बटणे", "पांढरा दोरा", "काळा दोरा". तुम्ही आता लिहायला शिकलात, त्याचा उपयोग हा असा करायचा.

सुया मोजून ठेवा. समजा, काम सुरू करताना सात सुया होत्या. उठताना सात भरल्या पाहिजेत. सहा भरल्या, तर सातवी सापडेपर्यंत उठू नका. घरात रांगते मूल असते, हे विसरू नका.

४. यंत्र जागे करणे

गांधीजी यंत्रांचे फार कौतुक करणारे नव्हते. पण १९२४ साली यंत्रांविषयी बोलताना त्यांनी शिवणयंत्र वगळले. बायकोचे शिवण्याचे कष्ट पाहून सिंगरने हे यंत्र केले, असे ते म्हणाले. ज्या यंत्रामागे माया आहे, त्याला त्यांचा विरोध नव्हता.

दहा वर्षे निजलेले यंत्र एकदम जोराने चालवू नये. आधी फडक्याने पुसा. सुईखालची पत्री काढा. तिच्याखाली दातांमध्ये धुळीचा आणि धाग्यांचा लगदा बसलेला असतो. तो बारीक ब्रशाने काढा. मग तेलाच्या भोकांत यंत्राचे तेल एकेक थेंब सोडा. खोबरेल किंवा गोडेतेल घालू नका; ते वाळून चिकट होते आणि यंत्र आखडते. तेल सोडले, की दोरा न ओवता चाक हाताने सावकाश फिरवा. जुनी सुई फेकून नवी लावा. चामड्याचा पट्टा सैल झाला असेल, तर थोडा कापून पुन्हा जोडा. शेवटी चिंधीवर चार ओळी शिवा, म्हणजे उरलेले तेल चिंधीला लागेल. एवढे करूनही यंत्र अडत असेल, तर कारागिराला दाखवा. जबरदस्ती करू नका.

५. लहान कामापासून सुरुवात

पुष्कळ दिवसांनी हात घालायचा, तर मोठी गोधडी घेऊ नये. ती अर्धी राहते आणि मन खट्टू होते. बाळाचे दुपटे घ्या.

आता थोडे गणित करू. नऊवारी लुगडे नऊ वार असते. एक वार म्हणजे तीन फूट. नऊ त्रिक सत्तावीस. म्हणजे लुगडे २७ फूट लांब. दुपट्याला चार पदर घ्यायचे, प्रत्येक पदर तीन फुटांचा. चार त्रिक बारा. १२ फूट लागले. २७ मधून १२ वजा केले, उरले १५ फूट. त्यात विरलेला भाग किती, ते उजेडात धरून पहा. चांगला असेल, त्याचे आणखी एक दुपटे निघेल.

कापड सुतीच घ्या. जुने सुती कापड मऊ असते आणि घाम टिपते. आधी कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. मग सपाट जमिनीवर पदरावर पदर अंथरा. सुरकुती राहू देऊ नका. चार कोपऱ्यांवर स्वच्छ दगड ठेवा. लांब लांब कच्चे टाके घालून पदर धरून ठेवा. मग कडेपासून धावदोरा घालत फिरत फिरत मधे या. दोरा हातभरच घ्या. लांब घेतला, की गुंता होतो. दोऱ्यावरून मेण ओढले, तर तो सहसा पिळवटत नाही. शेवटी कच्चे टाके काढून टाका.

त्या घरात पहिल्या दिवशी टाके वाकडे आले. सून म्हणाली, "आत्याबाई, उसवू का?" सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. बाळ काय टाकं मोजतंय?" पण एक सैल टाका त्यांनी मुद्दाम उसवायला लावला. सैल टाक्यात बाळाची बोटे अडकतात. ही गोष्ट सुनेला बाजारात कोणी सांगितली नसती.

दुपारी जेवणे झाली, की एक तास. एवढाच नेम त्यांनी धरला. अर्ध्या तासाने उठून पाय मोकळे करायचे. आठ-दहा दिवसांत शेजारची बाईही आपले जुने धोतर घेऊन आली. सोबत असली, की नेम मोडत नाही.

६. चिंध्यांची किंमत

जुन्या कापडाला टाके घालून नवे करणे ही गरिबाघरची विद्या आहे. ती जगभर आहे. बंगालात कांथा शिवतात. बिहारमध्ये सुजनी शिवतात. जपानात साशिको नावाचे टाके घालतात. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या काळ्या, गरीब बायांनी कामाच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. २००६ साली अमेरिकेच्या सरकारने त्या गोधड्यांची चित्रे टपालाच्या तिकिटांवर छापली. आपल्या सरकारनेही १९८९ साली रमाबाईंचे तिकीट काढले होते.

तुमच्या गोधडीचे तिकीट निघेल, असे मी म्हणत नाही. पण ती विकायची झाली, तर कमी लेखून विकू नका. वहीत दोन रकाने आखा. एकात सामानाचा खर्च लिहा: दोरा, सुया, तेल. दुसऱ्यात लागलेले तास लिहा. तासांची मजुरी धरूनच किंमत सांगा. "घरीच बसून केलं, त्याचं काय घ्यायचं?" असे कोणी म्हटले, तर वही पुढे करा.

आणि विकायची नसेल, तरी शिवा. ज्या हातांनी घर वाढवले, ते हात रिकामे बसले, की माणूस मनाने खचते. त्या हातांना चार फूट जागा आणि एक तास द्या. जवळ एक शिकणारी बसवा. माणूस आज आहे, उद्या नाही. त्याची विद्या घरात राहिली पाहिजे.

प्रश्न

१. रमाबाईंनी मुक्तिसदनातल्या बायांना कोणकोणती कामे शिकवली?
२. उजव्या हाताने शिवणाऱ्याने उजेड कोणत्या बाजूने घ्यावा? का?
३. शिवणयंत्रात गोडेतेल का घालू नये?
४. एका लुगड्यातून प्रत्येकी दोन फुटांचे चार पदर घेतले, तर किती फूट कापड उरेल?

हे करा

घरातल्या वडील माणसाला विचारा, "तुम्हांला कोणतं हातकाम येत होतं? ते का सुटलं?" ते सांगतील, ते पाच ओळींत लिहा. पुढच्या वर्गात वाचून दाखवा.