गोंदिया जिल्ह्यातील नवमतदार आणि मतदारयादी

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३२६ अन्वये मताधिकाराचे वय मुळात २१ वर्षे होते. १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेसाठी उमेदवार होते. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. त्या निवडणुकीत मत देण्याचा अधिकार येथील अठरा-वीस वर्षांच्या तरुणांस नव्हता. ६१ व्या संविधान दुरुस्तीने ही वयोमर्यादा १८ वर आली. दुरुस्ती २८ मार्च १९८९ रोजी अंमलात आली आणि त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत या वयोगटाने प्रथम मतदान केले.

अधिकार मिळाला, तरी तो वापरता येण्यासाठी नाव यादीत असावे लागते. खरी अडचण येथेच आहे. पूर्वी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख होती. १० मार्चला अठरा वर्षे पूर्ण करणाऱ्या मुलीला पुढील जानेवारीपर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा महिने थांबावे लागे. ऑगस्ट २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार तारखा लागू झाल्या. सतरा वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्यास नमुना ६ आगाऊ भरता येतो. तेव्हा बारावीच्या वर्गशिक्षकाने हजेरीपटावरील जन्मतारखा एकदा डोळ्यांखालून घातल्या, तर कोणाचा अर्ज केव्हा भरावयाचा हे सहज कळते. उमेदवारी अर्ज दाखल करण्याची अखेरची मुदत उलटल्यावर मात्र त्या निवडणुकीसाठी नाव समाविष्ट होत नाही. मतदानाच्या आठवड्यात तहसील कचेरीत धाव घेणाऱ्या तरुणास हे कोणी आधी सांगितलेले नसते.

दुसरा प्रश्न स्थलांतराचा होय. शिक्षणासाठी किंवा कामासाठी नागपूर, पुण्याकडे गेलेल्या मुलांची नावे गावच्या यादीत राहतात. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीचे नाव माहेरीच असते. एका व्यक्तीचे नाव दोन ठिकाणी ठेवता येत नाही. वास्तव्य बदलल्यास नमुना ८ भरून नाव नव्या ठिकाणी नेता येते. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यास संस्थाप्रमुखाच्या दाखल्याच्या आधारे तेथेही नोंदणी करता येते. गावीच मत देऊ इच्छिणाऱ्या कामगारास लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १३५-ब प्रमाणे मतदानाच्या दिवशी पगारी सुटी मिळते. रोजंदारी मजूरही तीस पात्र आहे. गिरणीत वा बांधकामावर राबणाऱ्या कितीजणांस ही तरतूद माहीत असेल, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

जिल्ह्याची रचनाही समजावून सांगण्याजोगी आहे. गोंदिया, तिरोडा व अर्जुनी-मोरगाव हे विधानसभा मतदारसंघ भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघात मोडतात. आमगाव मात्र गडचिरोली-चिमूरमध्ये. त्यामुळे देवरी, सालेकशाचा तरुण आणि गोंदिया शहरातील तरुण एकाच जिल्ह्याचे असूनही निरनिराळ्या खासदारास निवडून देतात. नागरिकशास्त्राच्या तासाला नकाशावर ही सीमा दाखविल्यास पाठ्यपुस्तकातील ‘मतदारसंघ’ हा शब्द मुलांना आपल्या गावचा वाटू लागेल.

१९ एप्रिल २०२४ रोजी आमगाव व अर्जुनी-मोरगाव येथे सुरक्षेच्या कारणास्तव मतदान सकाळी ७ ते दुपारी ३ या वेळेतच झाले. मार्च-एप्रिल हा मोहफुलांचा हंगाम. फुले पहाटे गळतात आणि ती उन्हाआधी वेचावी लागतात. घरातील तरुण मंडळी रानातून परतेपर्यंत ऊन चढलेले असते, केंद्रही पुष्कळदा अंतरावर असते. अशा गावी केवळ फलक लावून भागत नाही. केंद्र बंद होण्याची वेळ आदल्या दिवशी दवंडीने कळविणे, गोंडी बोलणाऱ्या टोल्यावर ती गोंडीतून सांगणे, हे ग्रामपंचायतीस विनाखर्च करता येते.

ग्रामपंचायत निवडणुकीच्या याद्याही विधानसभेच्या यादीवरूनच तयार होतात, म्हणून हे काम पंचायत सदस्यांना परके नाही. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी पुष्कळदा गावचाच शिक्षक वा अंगणवाडी सेविका असते. प्रारूप यादी प्रसिद्ध झाल्यावर ग्रामसभेत तिचे वाचन झाल्यास वगळलेले नाव, चुकलेले वय किंवा मृत व्यक्तीची नोंद तेथल्या तेथे ध्यानात येते आणि हरकतीची मुदत संपण्यापूर्वी योग्य तो नमुना भरून देता येतो.