सॅटेलाइट गेले कुठे?

आमच्या हॉस्टेलच्या ट्रेक ग्रुपकडे हातात धरून वापरायचे तीन जुने जीपीएस सेट आहेत. दोन सिव्हिलच्या सर्व्हेच्या कपाटातून मिळालेले आणि एक सीनियर्सनी वर्गणी काढून घेतलेला. मी इलेक्ट्रॉनिक्सची, म्हणून त्यांची देखभाल माझ्याकडे आली. तेव्हापासून रविवारी रात्री हॉस्टेलच्या गेटवर एक वाक्य ठरलेलंच असतं.

"ताई, सेट गेला! चालता चालता एकदम सॅटेलाइट गायब."

"बंद पडला का?"

"नाही, चालू आहे. पण सिग्नलच नाही."

मग सोमवारी स्टोअरच्या रजिस्टरमध्ये 'नादुरुस्त' असा शेरा पडतो, सेट खोक्यात जातो आणि पुढच्या ट्रेकला एक सेट कमी होतो. मागे असाच एक सेट दुरुस्तीला गेला होता. तीन आठवड्यांनी तो परत आला, सोबत 'दोष आढळला नाही' अशी चिठ्ठी. तपासणीचं बिल मात्र आढळलं!

म्हणून हा लेख. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं, त्यामुळे काही शब्द इंग्रजीच राहिले आहेत. पण लॅबमध्ये आपण तेच बोलतो, तेव्हा चालवून घ्या. सांगायची गोष्ट एकच आहे. सिग्नल जाणं म्हणजे ताप येण्यासारखं आहे. कारणं अनेक असतात, आणि बहुतेक वेळा ती सेटच्या बाहेर असतात. ती एका क्रमाने तपासली तर स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायची वेळ क्वचितच येते.

मुळात सिग्नल केवढा?

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसातून दोन प्रदक्षिणा घालतात. आज असे तीसच्या आसपास उपग्रह कामावर आहेत. आपले साधे सेट त्यांचा १५७५.४२ मेगाहर्ट्झचा सिग्नल ऐकतात. जमिनीवर पोचेपर्यंत त्याची शक्ती साधारण उणे १३० डीबीएम उरते. एका वॉटला एकावर सोळा शून्यं एवढ्या आकड्याने भागा, म्हणजे कल्पना येईल. रिसीव्हरमधला नॉइजसुद्धा याच्या शंभरेक पट असतो!

मग तो ऐकू कसा येतो? मेसमध्ये शंभर जणांचा कलकलाट चालू असतानाही कोणी आपलं नाव घेतलं की कान टवकारतात, तसंच हे आहे. प्रत्येक उपग्रहाचा १०२३ बिटांचा ठरलेला कोड असतो आणि तो दर मिलिसेकंदाला पुन्हा येतो. सेटकडे त्या कोडची प्रत असते. ती पुढेमागे सरकवत तो जुळवत राहतो. जुळली की उपग्रह सापडला. पण आवाज आणखी थोडा दाबला गेला की नाव ऐकू येत नाही. म्हणूनच एवढ्याशा अडथळ्यानेही सिग्नल 'एकदम' जातो.

आधी जोडी लावा

पहिली चाचणी फुकटची आहे. दोन सेट उघड्यावर एक-दोन हात अंतराने ठेवा. दोघांचाही सिग्नल गेला तर कारण बहुधा बाहेर आहे. एकाचाच गेला तर कारण त्या सेटमध्ये किंवा त्याच्या सेटिंगमध्ये शोधा. यासाठी मोबाइलशी तुलना करू नका. मोबाइल उपग्रहांची माहिती नेटवर्कवरून आयती घेतो आणि जीपीएसशिवाय रशियाचे, युरोपचे, चीनचे उपग्रहही ऐकतो. आपल्या इस्रोच्या नाविकचं म्हणाल, तर त्याच्या सुरुवातीच्या उपग्रहांची फ्रिक्वेन्सीच वेगळी असल्याने जुन्या सेटना तो कळत नाही. आता चार प्रश्न विचारायचे, याच क्रमाने.

प्रश्न पहिला : आभाळ किती दिसतंय?

साम्रदजवळची सांदण दरी पाहिली असेल तर लगेच पटेल. दोन्ही बाजूंना उभे कातळ आणि डोक्यावर आभाळाची पट्टी. जागा आणि उंची नक्की करायला किमान चार उपग्रह लागतात. तीनवर सेट उंची गृहीत धरून काम भागवतो. त्या पट्टीतून चार दिसले तरी ते जवळजवळ एका रांगेत असतात, त्यामुळे उत्तर कच्चं निघतं. शिवाय कातळावर आपटून आलेला सिग्नल लांबच्या रस्त्याने येतो. तो ३० मीटर जास्त फिरून आला, तर सेट त्या उपग्रहाचं अंतर तेवढंच चुकीचं धरतो.

पावसाने आणि ढगांनी सिग्नल जातो, हा मात्र गैरसमज आहे. या लहरींची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर असते. पावसाचे थेंब त्यांचं विशेष काही बिघडवत नाहीत. पण डोक्यावर दाट झाडी असेल आणि तिची पानं भिजलेली असतील, तर फरक पडतो. पाऊस थांबल्यावरही जंगलात सेट रडतो तो त्यामुळे.

सॅटेलाइटचा पेज उघडून बघा. बऱ्याच सेटमध्ये दोन वर्तुळं असतात. बाहेरचं म्हणजे क्षितिज आणि मध्य म्हणजे डोक्यावरचं आभाळ. एकाच बाजूचे उपग्रह गेले असतील तर त्या बाजूला काय आहे ते डोळ्यांनी बघा. तिथे कडा, इमारत किंवा आपलाच एखादा धिप्पाड मित्र उभा असेल!

प्रश्न दुसरा : सेट धरलाय कसा?

चपट्या सेटमध्ये बहुधा पॅच अँटेना असतो. तो तळहातावर आडवा, स्क्रीन आभाळाकडे करून धरायचा. वर जाड दांडा असलेल्या सेटमध्ये गुंडाळीसारखा हेलिकल अँटेना असतो, तो उभा धरायचा. उलटं केलं तर अँटेना जमिनीकडे कान लावून बसतो.

माणसाच्या शरीरात बरंचसं पाणीच असतं. पॅन्टच्या खिशातला सेट अर्ध्या आभाळाला मुकतो. त्याला सॅकच्या वरच्या कप्प्यात किंवा खांद्याच्या पट्ट्यावर जागा द्या. वॉकीटॉकी, कॅमेरा, स्वस्तातली पॉवर बँक चिकटून ठेवू नका. शंका आली तर एकेक वस्तू बंद करून दांड्या वाढतात का बघा.

प्रश्न तिसरा : सेटला काय आठवतंय?

सेटला दोन याद्या लागतात. सगळे उपग्रह ढोबळमानाने कुठे आहेत ती अल्मनॅक, आणि एकेका उपग्रहाची अचूक जागा सांगणारी एफेमेरिस. ही माहिती येते सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने! एफेमेरिस दर ३० सेकंदांनी पुन्हा येते आणि काही तासच उपयोगी असते. पूर्ण अल्मनॅकला साडेबारा मिनिटं लागतात.

याचा अर्थ असा, की सेट सहा महिने कपाटात पडून होता किंवा शेकडो किलोमीटर दूर नेला, तर त्याला पुन्हा शिकावं लागतं. त्या वेळी आपण झाडांखालून चालत असलो तर ३० सेकंदांचं वाक्य मध्येच तुटतं आणि तो पुन्हा पहिल्यापासून ऐकतो. म्हणून ट्रेकच्या आदल्या दिवशी ग्राउंडच्या मध्यावर सेट चालू करून वीस मिनिटं ठेवा. हलवू नका.

तारीखही बघा. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याचा आकडा १० बिटांचा आहे. म्हणजे १०२४ आठवडे झाले की तो पुन्हा शून्यावर येतो. मोजणी जानेवारी १९८० पासूनची, त्यामुळे ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये असं झालं. यानंतर नोव्हेंबर २०३८ मध्ये होईल. जुन्या सेटमध्ये तारीख १९ वर्षं साडेसात महिने मागची दिसत असेल तर कारण हेच. काही सेट तरीही जागा बरोबर दाखवतात, काही उपग्रह शोधण्यात गोंधळतात. यावर उपाय फर्मवेअर अपडेट, सोल्डरिंग आयर्न नव्हे!

प्रश्न चौथा : सेल आणि सेटिंग

सेलच्या स्प्रिंगवर गंज चढला असेल तर एका धक्क्याने वीज क्षणभर तुटते, सेट पुन्हा सुरू होतो आणि आपल्याला वाटतं सिग्नल गेला. साधा खोडरबर फिरवून कोरड्या कापडाने पुसा. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे आणि साधे अल्कलाइन १.५ व्होल्टचे असतात, तेव्हा मेन्यूत सेलचा प्रकार बरोबर निवडा. बऱ्याच सेटमध्ये जीपीएस बंद ठेवण्याचा आणि डेमोचाही पर्याय असतो. डेमो फार फसवा, कारण त्यात उपग्रह नसतानाही बाण मस्त चालत राहतो.

काचेच्या आत वाफ दिसली तर सेल काढा आणि सेट कोरड्या जागी ठेवा. हेअर ड्रायर नको. आणि मास्टर रीसेट सगळ्यात शेवटी, कारण त्यात साठवलेल्या वाटा आणि खुणा पुसल्या जातात. त्या आधी उतरवून घ्या.

आणि सगळं ठीक असूनही?

आपण भारतात राहतो, त्यामुळे एक जास्तीचं कारण आपल्या वाट्याला येतं. विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना आयनोस्फीअर विशेष दाट असतो. सूर्यास्तानंतर तो अस्थिर होतो आणि सिग्नल तारा लुकलुकावा तसा लुकलुकतो. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, सूर्य जास्त सक्रिय असलेल्या वर्षांत, हा त्रास वाढतो. २०२४ साल तसं होतं. त्या वर्षी मे महिन्यातल्या सौरवादळात अमेरिकेत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर ऐन पेरणीत अडखळले होते. रात्री कॅम्पवर उघड्या माळावर दोन्ही सेट एकदम अडखळू लागले तर हेही कारण असू शकतं. सेट उघडू नका, झोपा. सकाळी पुन्हा बघा.

स्टोअरच्या काकांना आणि सरांना एक विनंती. 'नादुरुस्त' या एका शब्दाऐवजी सिग्नल कुठे गेला, किती वाजता गेला आणि शेजारच्या सेटचं काय झालं, एवढं लिहून घ्यावं. निम्मं निदान तिथेच होईल.

कड्यावर असाल तर

आतापर्यंतचं सगळं सेट वाचवण्यासाठी होतं. आता स्वतःसाठी. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर धुकं भरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही. अशा वेळी सगळे सेटकडे बघून चालतात. लक्षात ठेवा, सिग्नल गेल्यावरही काही सेट थोडे सेकंद आधीच्याच वेगाने आणि दिशेने बाण पुढे सरकवत राहतात. स्क्रीनवर आपण वाटेवर असतो, पाय मात्र दुसरीकडे चाललेले असतात. शिवाय ज्या सेटमध्ये वेगळं होकायंत्र नाही, त्याला दिशा कळते ती आपल्या चालण्यावरून. उभं राहिल्यावर त्याच्या बाणाला काही अर्थ नसतो.

म्हणून प्रत्येक सेटबरोबर साधं चुंबकी होकायंत्र आणि कागदावरचा नकाशा न्यायचा. दर तासाला आपली जागा वहीत लिहायची. म्हणजे ११२ वर फोन करायची वेळ आलीच तर सांगायला काहीतरी हातात असतं. धुक्यात सिग्नल गेला तर 'अजून थोडं पुढे जाऊ, येईल' असं कोणी म्हणेलच. त्याचं ऐकू नका. सगळ्यांना एकत्र थांबवा, आल्या वाटेने ओळखीच्या खुणेपर्यंत मागे या आणि धुकं विरायची वाट बघा. उपग्रह कुठेही जात नाहीत, ते वरच असतात. काठापासून लांब राहायचं काम आपलं आहे.