नट ढिला का होतो?

रविवारी सकाळी होस्टेलच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. कापड मारणारे, चेनला तेल सोडणारे पुष्कळ दिसतील. हातात पाना घेतलेला एखादाच! गाडी चमकली की मेंटेनन्स झाला, असा आपला समज. मीही त्यातलाच.

मागच्या दिवाळीत घरी, म्हणजे तुमसर तालुक्यातल्या नाकाडोंगरीला होतो. बाबांची १०० सीसीची गाडी पुसायला बसलो, तर मागच्या ब्रेकच्या टॉर्क रॉडचा नट चक्क बोटानं फिरला. स्प्लिट पिनच्या जागी कुणीतरी तार घातली होती, तीही तुटलेली. ड्रम ब्रेकची प्लेट जागेवर धरून ठेवते ती हीच पट्टी. ती सुटली तर ब्रेक दाबताच प्लेट चाकासोबत फिरते आणि चालत्या गाडीचं चाक जाम होऊ शकतं. त्याच गाडीवर बाबा आईला घेऊन तुमसरला जायचे.

"ब्रेक तर मस्त लागून राहिला होता ना बे," बाबा म्हणाले. लागतच होता. नट पडेपर्यंत लागलाच असता.

आता गंमत बघा. मशीन डिझाईनमध्ये आपण पाठ करतो की आट्यांचा चढ घर्षणकोनापेक्षा कमी असला की स्क्रू सेल्फ-लॉकिंग. एम-८ बोल्टच्या आट्यांचा चढ ३ अंशांच्या थोडा वर, घर्षणकोन साधारण ८-१० अंश. म्हणजे तो आपोआप सुटायलाच नको! मग सुटतो कसा? याचं उत्तर गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनिअरनं १९६९ साली प्रयोगातून दाखवलं. बोल्टच्या लांबीच्या दिशेनं बसणाऱ्या धक्क्यांपेक्षा आडवे धक्के जास्त घातक. उतरत्या पत्र्यावर वीट ठेवा, ती घसरत नाही. आता तिला आडवी ढकला; आडवी सरकता सरकता ती खालीही उतरते. घर्षण आडव्या सरकण्यातच खर्ची पडलं! नटाचंही तेच. इंजिन ५००० आरपीएमवर तासभर चाललं तर ३ लाख फेरे होतात. त्यात खड्डे वेगळे.

म्हणून खरा उपाय म्हणजे जोड आडवा सरकणारच नाही इतका ताण बोल्टमध्ये ठेवणं. पण पान्यावर लावलेल्या जोरापैकी जेमतेम दहावा हिस्सा ताणात जातो, बाकी घर्षण खातं. गंजलेल्या आट्यांवर पाना घट्ट लागतो नि ताण मात्र कमीच. तेलकट आट्यांवर उलट, तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. मॅन्युअलमधला आकडा पहिला. तो नसेल तर साध्या एम-६ ला १० न्यूटन-मीटर, म्हणजे २० सेंटीमीटरच्या पान्याला टोकाशी ५ किलोचा जोर. एम-८ ला साधारण २५. आपले काही वीर एम-६ वर पाईप लावून लटकतात आणि मग आटे गेले म्हणून रडतात.

स्प्रिंग वॉशरवर फार भरवसा नको. पूर्ण आवळल्यावर तो चपटा होतो; मग साधा वायसर नि तो सारखाच. स्प्लिट पिनही ताण टिकवत नाही, पण नट गळून पडू देत नाही. ब्रेक आणि एक्सलवर ती असते ती त्यासाठीच. तार तिची जागा घेऊ शकत नाही.

तपासायचं कसं? दर वेळी सगळंच आवळत बसू नका, विशेषतः सिलिंडर हेडला हात लावू नका. गाडी धुण्याआधी बघा: जोडाभोवती लालसर भुकटी, वायसरखाली चकाकणारं कडं, मळाच्या थरात पडलेली भेग. आधी एक्सल, टॉर्क रॉड, हँडलचे क्लॅम्प. मग इंजिन माउंटिंग, सायलेन्सर, साइड स्टँड. योग्य आवळलेल्या नटावरून बाजूच्या लोखंडावर रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा. रेघ तुटली की नट फिरला, पानाही लावावा लागत नाही.

मी नवी पिन आणून दोन्ही पाय वळवले आणि आईच्या नेलपॉलिशनं रेघा ओढल्या. होळीला गेलो तेव्हा टॉर्क रॉडची रेघ जागेवर होती. साइड स्टँडची मात्र पाव फेरा सरकली होती.