आपल्याशिवायही गाव बदलत असतं

संस्थेत काम करता करता कान टाळ्यांना सोकावतात. समाजशास्त्रीय संशोधनानं माझे ते थोडे पिळले, त्याची ही नोंद.

१. लोक येत नाहीत, याचं कारण दर वेळी अज्ञान नसतं. आम्हा कार्यकर्त्यांना 'जनजागृती' रामबाण वाटते. उदयपूरच्या खेड्यांत 'सेवा मंदिर' या संस्थेसोबत झालेल्या प्रयोगात लसीकरण पूर्ण झालेली मुलं नेहमीच्या व्यवस्थेत ६ टक्के होती. ठरल्या दिवशी न चुकता शिबिर भरलं तिथं १८, आणि शिबिरात प्रत्येक लसीला किलोभर डाळही मिळाली तिथं ३९. ही तर लाच, असं माझ्यातला तत्त्वनिष्ठ माणूस कुरकुरला. पण लसीपायी त्याची मजुरी कधी बुडाली नव्हती.

२. विचारावं तेवढंच उत्तर मिळतं. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता. पूर्वी तशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. हे १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आमच्या प्रश्नावल्या देखण्या असतात, पण ज्या दुखण्याला रकानाच नाही, ते मांडायचं कुठं?

३. आपल्याशिवायही गाव बदलत असतं. रस्ता होतो, मोबाइल येतो, मुली शिकतात आणि श्रेय आमच्या अहवालात जमा होतं. बंग दांपत्यानं नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत केला, तेव्हा प्रयोग नसलेल्या ४७ गावांतले बालमृत्यूही मोजले. त्या तुलनेमुळंच नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं ठामपणे म्हणता आलं. पुढं ही पद्धत देशभरातल्या आशाताईंच्या कामात आली.

४. 'फरक दिसला नाही' हाही निष्कर्षच. हैदराबादच्या वस्त्यांतल्या सूक्ष्मकर्जाच्या अभ्यासात काहींचे धंदे वाढलेले दिसले. मुलांचं शिक्षण किंवा घरातल्या निर्णयांत बाईचा शब्द, यांत ठळक बदल नव्हता. 'कर्ज मिळालं की बाई सक्षम' हे माझं भाषणातलं लाडकं वाक्य, हमखास टाळीचं. आता ते म्हणताना जीभ अडखळते.

अहवाल लिहिणाऱ्यांना एवढंच सांगणं: 'किती कार्यक्रम झाले' या रकान्याशेजारी 'आपण नसतो तर काय झालं असतं' असा आणखी एक आखा. रिकामा राहिला तरी चालेल. खोडू मात्र नका.