पाच वाटे, सात दिवस



आजचा श्लोक भागवताच्या आठव्या स्कंधातला आहे, अध्याय १९, श्लोक ३७. वामनाची गोष्ट आपल्याला लहानपणापासून पाठ असते. तीन पावलं जमीन, बळीचं वचन, डोक्यावर पाऊल. पण वामनानं मागितल्यावर आणि बळीनं हातावर पाणी सोडण्याआधी शुक्राचार्य मध्येच बोलतात, तो भाग आपण घाईत ओलांडून जातो. हे गुरू राजाला चक्क घरखर्च कसा मांडावा ते सांगतात. म्हणतात, धनाचे पाच वाटे कर. एक धर्मासाठी, एक यशासाठी, एक अर्थासाठी म्हणजे पुढं आणखी धन उभं राहावं म्हणून, एक कामासाठी म्हणजे स्वतःच्या हौसेसाठी, आणि एक स्वजनांसाठी. असं करणारा इथंही सुखात राहतो आणि परलोकातही. त्याच्या आधीच्याच श्लोकात ते सांगतात की ज्या दानानं पोटापाण्याचं साधनच मोडतं, त्या दानाची कोणी स्तुती करत नाही.

मला यात सगळ्यात जास्त आवडलं ते हे, की हौसेचा वाटा काढून टाकलेला नाही. तो आहे, फक्त पाचातला एक आहे. आपली अडचण अशी की फोनमध्ये पाचही वाटे एकाच आकड्यात दिसतात. बॅलन्स दिसतो, वाटे दिसत नाहीत.

मे महिन्यात माझा चुलतभाऊ फोनवर म्हणाला, "दादा, पगार होतो, पण पैसे कुठं जायलेत तेच कळंना." नोकरीला लागून दीड वर्ष झालंय, पुण्यात तिघांत फ्लॅट आहे. पेडगावला काकांना त्यानं शब्द दिला होता, यंदा मृगाच्या आधी बियाण्याचे आठ हजार मी पाठवतो. आपल्याकडच्या पोरांना वेगळं सांगायला नको, पण शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो: परभणीकडची काळी जमीन, सोयाबीन आणि कापूस. पाऊस पडला की पेरणीला दिवस मोजकेच मिळतात. हातात रोख नसेल तर बियाणं-खत उधारीवर येतं, आणि उधारीचा भाव घेणारा ठरवत नाही. म्हणजे हे आठ हजार उशिरा पोहोचून चालणार नव्हते.

त्याला मी वर्षाचं बजेट करायला सांगितलं नाही. सात दिवस सांगितले. भागवत सात दिवसांतच सांगितलं गेलं ना! परीक्षिताला कळलं होतं की तक्षक सातव्या दिवशी येणार, आणि शेवट ठाऊक असल्यामुळंच तो गंगाकाठी एकचित्तानं बसू शकला. चातुर्मासाचे नियमही लोकांकडून पाळले जातात ते याचसाठी. आषाढीला धरायचं, कार्तिकीला सोडायचं. "आयुष्यभर वांगं खाऊ नका" म्हटलं असतं तर पहिल्याच आठवड्यात भरीत झालं असतं.

पहिला सप्ताह फक्त लिहिण्याचा. काही बंद करायचं नाही. खर्च झाला की वहीत आकडा आणि पुढं पाचातलं एक अक्षर: ध, य, अ, का, स्व. शेवटी वहीची बेरीज आणि बँकेचं स्टेटमेंट जुळवायचं.

वहीत आले ३,९८१ आणि बँकेत गेलेले ४,१३०. तो म्हणाला, "जाऊ दे ना दादा, दीडशेचा तर फरक आहे."

इथं मला नाथमहाराजांची गोष्ट आठवली. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे एकनाथ हिशेबाचं काम करायचे. एकदा एका पैची चूक निघेना. रात्र सरत आली, दिव्यात पुन्हा तेल घातलं, आणि चूक सापडली तेव्हा नाथांनी आनंदानं टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैची चूक सापडल्यावर एवढा आनंद, मग संसाराची चूक सापडली तर केवढा होईल! कीर्तनात ही गोष्ट दुसऱ्या वाक्यासाठी सांगतात. मी मात्र पहिल्या भागावरच थांबतो, कारण दिवसभर लॉग वाचणाऱ्या माणसाला ती टाळी ओळखीची वाटते. छोटा फरक छोट्या कारणाचा असेलच असं नाही.

दीडशेचा नव्हे, १४९चा फरक होता. एका गाण्याच्या अ‍ॅपचा ऑटोपे, जे अ‍ॅप त्यानं कधीच काढून टाकलं होतं. अ‍ॅप गेलं, मंजुरी राहिली. त्या एका धाग्यावरून शोधलं तर असे आणखी दोन ऑटोपे निघाले, त्या आठवड्यात न कापलेले.

पण खरा धक्का वेगळाच होता. ४,१३० पैकी 'का' समोर २,३१०. बहुतेक रात्री अकरानंतर मागवलेलं खाणं, वर पोहोचवण्याचा चार्ज. 'स्व' समोर शून्य. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पण मी हे सगळं घरच्यांसाठीच करायलोय ना."

पुढचे दोन सप्ताह हौसेला आठवड्याला बाराशे. शून्य नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत स्पष्ट सांगतात की अति खाणाऱ्याला योग साधत नाही, तसा मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. शून्याचं बजेट म्हणजे आपली एकादशी आणि दुप्पट खाशी, सोमवारी बंद आणि शनिवारी सगळी भरपाई. बाराशे त्यानं वेगळ्या खात्यात टाकले आणि बाहेरचे खर्च त्याच खात्यातून केले. संपले की संपले. एका गुरुवारी ते संपले, तेव्हा तिघांनी मिळून खिचडी लावली.

दोन आठवड्यांत बाविसशे उरले. उरलेले पाच हजार आठशे एक तारखेला पगार जमा झाला त्याच दिवशी, भाडं जायच्याही आधी, पेडगावला गेले.

आता एक शंका कोणी तरी विचारणारच: बळीनं तर शुक्राचार्यांचं ऐकलं नाही, मग त्यांचा हिशेब आपण कशाला धरायचा? माझं मत असं. बळी वाट्यांना चूक म्हणत नाही. गृहस्थासाठी गुरूंचं म्हणणं खरं आहे, हे तो मान्य करतो. त्याचं म्हणणं एवढंच, की मी 'देतो' म्हणून बसलोय, आता धनाच्या लोभानं मागं फिरणार नाही. म्हणजे दिलेला शब्द आधी बाजूला निघतो, वाटे उरलेल्याचे होतात. भावाचे आठ हजार म्हणूनच 'स्व'मध्ये बसवले नाहीत, ते वाट्यांच्या आधी गेले. 'स्व'चा रकाना त्याला जूनपासून वेगळा भरायचा आहे.

उद्या एकनाथी भागवताचा तेविसावा अध्याय घेऊ, अवंतीच्या त्या कंजूष ब्राह्मणाचा, ज्यानं पाचातला एकही वाटा कोणाला दिला नाही, स्वतःलासुद्धा नाही. जमलं तर आधी वाचून या. आणि आज रात्री फोनमधली ऑटोपेची यादी उघडून बघा.

राम कृष्ण हरी.