अनोळखी कुटुंबाच्या हाती किल्ली द्यावी का?

प्रश्न : मे महिन्यात कोथरूडचा आमचा फ्लॅट आणि रत्नागिरीच्या एका कुटुंबाचे घर आठवडाभर अदलाबदल करायचा विचार आहे. पण धास्ती वाटते.

उत्तर : धास्ती रास्त आहे. पण तुमचे घर त्यांच्या हाती, तसे त्यांचे तुमच्या हाती. म्हणून दोघेही जपून वागतात. याच भरवशावर युरोपातील शिक्षकांनी १९५३ मध्ये ‘इंटरव्हॅक’ ही घर-अदलाबदलीची संस्था सुरू केली. सोसायटी हरकत घेऊ शकते, तेव्हा सचिवांना नावे, तारखा, गाडीचा नंबर आधीच लेखी कळवा. दागिने लॉकरमध्ये ठेवा. पाणी येण्याची वेळ, गॅसवाल्याचा फोन कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. गणपतीत मात्र विचारूच नका, कोकणातले घर तेव्हा माणसांनी भरलेले असते. पुढे कधी पाहुणे परदेशी असले, तर ते आल्यापासून २४ तासांत त्यांची माहिती सरकारकडे नोंदवणे बंधनकारक आहे.