दुव्यांचें लेखन



गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत या वार्षिकाचे जुने अंक चाळण्याचा प्रसंग आला. छापील अंक, कितीहि पिवळे पडले असले तरी, वाचतां आले. परंतु वीस-बावीस वर्षांपूर्वींच्या अंकांचा जो मजकूर संगणकावर जपून ठेविला होता, तो उघडतांच पडद्यावर रोमन अक्षरें, स्वल्पविराम आणि नाना चिन्हें यांचा निरर्थक ढीग उभा राहिला. कारण असें कीं, त्या काळीं देवनागरीचे फॉन्ट जो तो आपापल्या सोयीनें रोमन अक्षरांच्या जागीं बसवीत असे. फॉन्ट हरवला कीं मजकूरहि हरवला. 1991 सालीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली व तींत देवनागरीच्या प्रत्येक अक्षरास जगभर मान्य असा स्वतंत्र क्रमांक मिळाला खरा, पण आमच्यापर्यंत ती सुधारणा फार उशिरानें पोहोंचली. ज्या मुलांच्या कविता त्या ढिगांत गाडल्या गेल्या, तीं आज पस्तिशी ओलांडून गेलीं असतील.

अशा अनुभवानंतर संगणकावरील साहित्याची शिफारस करण्यास बसणें थोडें विचित्र दिसेल. तरीहि तें करावयाचें आहे.

संगणकावर टंकलेली कविता म्हणजे संगणक-साहित्य नव्हे; ती कागदावर उतरवली तरी तिचें कांहींच बिघडत नाहीं. ज्या लेखनांत एखाद्या शब्दावर बोट ठेवितांच दुसरें पान उघडतें, तेथून तिसरें, आणि कोणत्या वाटेनें जावयाचें हें वाचक ठरवितो, त्या लेखनाविषयीं मी बोलत आहें. टेड नेल्सन या अमेरिकन विचारवंतानें 1965 सालीं त्यास ‘हायपरटेक्स्ट’ असें नांव दिलें. आपण त्यास दुव्यांचें लेखन म्हणूं. कोशांत नोंदीच्या शेवटीं ‘अमुक पहा’ असें असतें, तोच हा प्रकार. फक्त दुसरा खंड कपाटांतून काढण्याचे श्रम वांचतात. मायकेल जॉइस यानें 1987 सालीं ‘आफ्टरनून’ ही कथा या पद्धतीनें रचली. सकाळीं रस्त्यावर दिसलेला मोटारीचा अपघात आपल्याच विभक्त पत्नीचा व मुलाचा तर नसेल, ही शंका कथेंतील मनुष्यास छळते. आणि वाचक कोणत्या शब्दांवर थांबतो त्यावर त्याला किती कळेल तें अवलंबून राहतें.

हें सारें परकें आहे असें मात्र समजूं नये. आपल्या शहराच्या एका बाजूस वेरूळ आणि दुसऱ्या बाजूस पैठण; दोन्ही ठिकाणीं श्रीचक्रधरांचें वास्तव्य झालें. त्यांच्या लीळा म्हाइंभटांनीं तेराव्या शतकाच्या अखेरीस ‘लीळाचरित्रां’त चरित्रक्रमानें ग्रथित केल्या. पुढें चौदाव्या शतकांत महानुभावांनीं ‘स्थानपोथी’ रचली. तींत अनुक्रम काळाचा नसून गांवांचा आहे: या गांवीं अमुक देऊळ, त्याचें दार अमुक दिशेस, येथें स्वामी बसले, येथें अमुक लीळा घडली. म्हणजे एकाच चरित्रांत शिरण्याच्या दोन वाटा झाल्या, एक काळाची व एक जागेची. यात्रेकरूनें गांवावर बोट ठेवावें आणि लीळा उघडावी. इतकेंच नव्हे, तर लीळाचरित्राची मूळ प्रत धामधुमींत नाहींशी झाली व शिष्यांनीं ती आठवणींतून पुन्हा बांधली, असें परंपरा सांगते. त्यामुळें एकाच लीळेचे निरनिराळे पाठ शेजारीं-शेजारीं नांदतात. आमच्या हरवलेल्या फाइलींची आठवण तेव्हां मला पुन्हा झाली. फरक एवढाच कीं, आमच्या कविता कोणास पाठ नव्हत्या.

यंदा नववीच्या वर्गांत संगणकाशिवायच हा प्रयोग केला. पोस्टकार्डाएवढे कागद कापले, एकावर आठ-दहा ओळींहून अधिक लिहावयाचें नाहीं असा नियम केला, आणि शब्दापासून कार्डापर्यंत फळ्यावर सुतळी लाविली. तिघां मुलांनीं शहराच्या दरवाजांची गोष्ट लिहिली. मकाई दरवाजानें आंत यावें कीं पैठण दरवाजानें, हें वाचकानें ठरवावयाचें. पण कोठूनहि आलें तरी सर्व वाटा गुलमंडीवर मिळत आणि नायक इमरती खाई. वर्गांत हंशा पिकला. तथापि निवड केली काय आणि न केली काय, फळ एकच, अशी निवड वाचकास देणें ही एक प्रकारची फसवणूकच होय.

एका मुलीनें आजोबांच्या आजारपणावर अकरा कार्डें लिहिलीं. आजोबा वारले हें त्यांपैकीं एकाच कार्डावर होतें, व तेथें जाणारी सुतळी ‘चष्मा’ या एकाच शब्दापासून निघत होती. मीं विचारलें, “वाचकानें त्या शब्दावर बोट ठेविलेंच नाहीं तर?” ती म्हणाली, “सर, मलाहि दोन दिवस कळलें नव्हतें. परीक्षा होती म्हणून घरीं कोणी सांगितलें नाहीं.” तो दुवा तिनें बदलला नाहीं, व मींहि पुन्हा सुचविलें नाहीं.

आतां लिपीविषयीं. फादर थॉमस स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’ 1616 सालीं गोव्यांत राचोल येथें छापलें गेलें तें रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. त्यांचा नाइलाज होता, तुमचा नाहीं. तरी तुम्ही मोबाइलवर मराठी लिहितां ती बहुधा रोमन अक्षरांतच. के, ए, एल, ए हीं चार अक्षरें कोणी पाठविलीं तर कला, कळा, काला कीं काळा, हें कसें ओळखावें? ज्या लेखनांत प्रत्येक शब्द हें एक दार आहे, तेथें दारावरची पाटी तरी शुद्ध हवी. युनिकोडमध्यें ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हा भेदहि जपतां येतो. कळफलक शिकण्यास सुटीचा एक आठवडा पुरे.

ज्यांस पुढें जावयाचें आहे त्यांनीं ‘ट्वाइन’ हें साधन पाहावें. ख्रिस क्लिमस यानें 2009 सालीं तें सिद्ध केलें. त्यास मूल्य पडत नाहीं, आणि एखादा शब्द दोन-दोन चौकोनी कंसांत ठेविला कीं दुवा तयार होतो. मात्र ब्राउझरमध्यें लिहिलेली कथा त्या ब्राउझरच्याच पोटांत राहते. कोणी तो साफ केला कीं गेली. म्हणून रोज फाइल उतरवून घ्यावी. कथा लिहिण्याची हौस नसेल त्यांस मराठी विकिस्रोतावर काम आहे: जुन्या पुस्तकाच्या पानाचें छायाचित्र समोर ठेवून एकानें मजकूर शुद्ध करावयाचा व दुसऱ्यानें तो पुन्हा पडताळावयाचा. एकनाथांनीं पैठणास शके 1506 मध्यें ज्ञानेश्वरीच्या प्रती जुळवून पाठ शुद्ध केला, त्याच जातीचें हें काम, जरी आपला वांटा एका पानाएवढाच असला. 14 ते 28 जानेवारी या मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यांत त्याचा आरंभ करणें सोयीचें. परदेशीं, परस्परसंवादी कथांची एक खुली स्पर्धा 1995 पासून दरवर्षीं भरते, पण तिचे वाचक बहुतेक इंग्रजी जाणणारे. आणि 1999 सालीं अमेरिकेंत स्थापन झालेल्या इलेक्ट्रॉनिक लिटरेचर ऑर्गनायझेशननें 2006 पासून 2022 पर्यंत काढलेले चार संग्रह कोणासहि विनामूल्य वाचतां येतात.

नववीचीं कार्डें आणि सुतळी वाचनालयांतील खिडकीजवळच्या कपाटांत ठेविलीं आहेत. आजोबांच्या गोष्टीचा क्रम मात्र कोणी नंबर घालून लावूं नये. मागील आठवड्यांत एकानें तसें केलें होतें, तें खोडण्यास आम्हांस अर्धा तास लागला.